नागपूरकरांचा पहिला मिररलेस कॅमेरा: फिरायला निघण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुटाळ्याच्या काठावर रविवारी सकाळी कॅमेरा गळ्यात घालून उभं राहिलं की कुणीतरी जवळ येऊन विचारतंच, "दादा, मलाही घ्यायचाय. कोणता घेऊ?" दोन मिनिटांत उत्तर देऊन मोकळं होता येतं, पण समोरच्याचे साठ-सत्तर हजार रुपये जाणार असतात आणि ते त्यानं वर्षभर साठवलेले असतात. म्हणून नेहमीचे प्रश्न इथे सविस्तर लिहिले आहेत. पहिलाच कॅमेरा, साधारण ५० ते ७५ हजारांचं बजेट आणि मुख्य हेतू प्रवास, असं धरून चाललो आहे.

मोबाइल इतके चांगले फोटो काढतो, मग वेगळा कॅमेरा कशाला?

काही कामांसाठी खरंच नको. झिरो माइलचा खांब आणि ते चार घोडे, तर्री पोह्यांची प्लेट, घरच्यांचा ग्रुप फोटो, हे सगळं मोबाइल छान काढतो. भर उजेडात, जवळच्या वस्तूचा फोटो फक्त फोनवरच बघायचा असेल तर कॅमेऱ्यावर पैसे घालू नका, हे मी आजवर कित्येकांना सांगितलं आहे.

मोबाइल दोन ठिकाणी कमी पडतो. एक म्हणजे लांबची वस्तू: खिंडसीच्या पाण्यावरचा पक्षी, नाहीतर जंगलात पन्नास मीटरवर बसलेलं जनावर. दुसरं म्हणजे कमी उजेडातली हालचाल: मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत नाचणारी पोरं, संध्याकाळची आरती. आपल्या भागापुरतं एक तिसरं कारणही आहे. ताडोब्याच्या सफारीत मोबाइल न्यायला बंदी आहे. जिप्सीत बसलात आणि वाघीण पिल्लांना घेऊन रस्ता ओलांडू लागली, तर तुमच्याकडे कॅमेरा असेल नाहीतर नुसते डोळे.

मिररलेस म्हणजे नेमकं काय? डीएसएलआर घेतला तर चूक होईल का?

डीएसएलआरमध्ये लेन्समागे एक आरसा असतो. तो उजेड वर वळवून तुमच्या डोळ्यापर्यंत पोचवतो आणि बटण दाबलं की वर उचलला जातो. मिररलेसमध्ये हा आरसाच नाही. उजेड थेट चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर पडतो आणि तेच चित्र स्क्रीनवर किंवा डोळा लावायच्या खिडकीत, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये, दिसतं. आरसा गेल्यामुळे कॅमेरा लहान आणि हलका झाला. शिकणाऱ्याला खरा फायदा वेगळाच आहे: फोटो काळा येणार की पांढराफटक, हे बटण दाबायच्या आधीच कळतं.

कॅनन आणि निकॉन या दोघांनी २०१८ मध्ये आपापली नवी मिररलेस मालिका आणली आणि आता नव्या लेन्स त्याच मालिकांसाठी निघतात. त्यामुळे दुकानातून नवा कॅमेरा घ्यायचा असेल तर मिररलेसच घ्या. पण घरात काकांचा डीएसएलआर दोन लेन्ससह कपाटात पडून असेल तर आधी तो बाहेर काढा, वर्षभर वापरा आणि तुम्हाला नक्की काय काढायला आवडतं ते समजून घ्या. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून नव्या कॅमेऱ्यावर छान चालतात. निकॉनच्या फार जुन्या, स्वतःची मोटर नसलेल्या लेन्स मात्र अडॅप्टरवर लावल्या तर फोकस हातानं करावा लागतो.

साठ-सत्तर हजारांत कोणकोणती नावं बघायची?

या बजेटमध्ये बहुतेकांची यादी फिरून फिरून चार नावांवर येते.

कॅनन आर५० हा २०२३ चा कॅमेरा. २४ मेगापिक्सेल, बॅटरी-कार्डासह वजन ३७५ ग्रॅम. माणसं, प्राणी, वाहनं स्वतः ओळखून फोकस धरतो. व्ह्यूफाइंडर आहे, स्क्रीन फिरते आणि बोटानं चालते.

निकॉन झेड३० हा २०२२ चा. जवळपास २१ मेगापिक्सेल, हातात पकड सुरेख, आणि किटमधली, म्हणजे कॅमेऱ्यासोबतच मिळणारी, १६-५० लेन्स माझ्या मते या सगळ्यांत उजवी. व्ह्यूफाइंडर नाही.

सोनी झेडव्ही-ई१० हा २०२१ चा. वजनाला सगळ्यांत हलका आणि व्हिडिओवाल्यांचा लाडका. सोनीच्या ई-माउंटला, म्हणजे लेन्स बसवायच्या तोंडाला, परवडणाऱ्या लेन्स भरपूर आहेत, हा मोठा फायदा. यालाही व्ह्यूफाइंडर नाही.

कॅनन आर१०० यांच्यापेक्षा स्वस्त. फोटो चांगले येतात, पण स्क्रीन जागची हलत नाही, तिला बोट लावून फोकस करता येत नाही आणि ४के व्हिडिओ काढताना चौकट बरीच आत कापली जाते. मोबाइलची सवय असलेला माणूस पहिल्याच दिवशी स्क्रीनला बोट लावतो, काहीच होत नाही आणि त्याचा हिरमोड होतो. बजेट अगदीच ताणलेलं असेल तरच हा घ्या.

नागपूरच्या माणसाला मी व्ह्यूफाइंडर असलेलाच कॅमेरा सुचवतो, कारण आपलं ऊन. मार्चपासून जूनपर्यंत सकाळी दहानंतर रामटेकच्या गडावर उभं राहून मागच्या स्क्रीनकडे बघा. स्वतःच्या चेहऱ्याचं प्रतिबिंब दिसतं, फोटो दिसत नाही. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की अंधार होतो आणि चौकट स्वच्छ दिसते. शिवाय कॅमेरा कपाळाला टेकल्यामुळे हात कमी हलतो. चष्मा असेल तर व्ह्यूफाइंडरशेजारी नंबर जुळवायचं छोटं चाक असतं, ते फिरवून बघा.

म्हणून फोटो हेच मुख्य काम असेल तर आर५०. व्ह्लॉग आणि रील जास्त असतील तर झेड३० किंवा झेडव्ही-ई१०. थोडे जास्त पैसे असतील, किंवा चांगल्या हातातला जुना मिळत असेल, तर सोनी ए६४०० आणि निकॉन झेड५० हे दोन्ही व्ह्यूफाइंडरवाले कॅमेरे आजही भक्कम आहेत.

दुकानदार कॅनन एम५० बराच स्वस्त देतोय. घेऊ का?

नको. कॅमेरा वाईट नाही, पण ती ईओएस एम मालिका कॅनननं बंद केली आहे. तिचं लेन्स लावायचं तोंड वेगळं असल्यामुळे कॅननच्या नव्या मालिकेच्या आरएफ लेन्स तिला बसत नाहीत. आज पाच-दहा हजार वाचतील आणि उद्या लेन्ससाठी जुन्या बाजारात फिरावं लागेल.

सोबत मिळणारी किट लेन्स पुरेल का?

पहिले सहा महिने पुरते आणि तेवढे महिने तीच वापरा. लहान असते, हलकी असते, रुंद दृश्यापासून माणसाच्या अर्ध्या आकृतीपर्यंत सगळं घेते.

कमी पडते ती उजेडात. लेन्सवर एफ/३.५, एफ/६.३ असे आकडे असतात. आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं आणि तितका जास्त उजेड आत. एफ/१.४ ची लेन्स एफ/५.६ च्या तुलनेत १६ पट उजेड घेते. जिथे किट लेन्सला सेकंदाचा तिसावा भाग लागतो आणि नाचणारा माणूस पुसला जातो, तिथे ही लेन्स पाचशेव्या भागात काम उरकते आणि त्याच्या कपाळावरचा गुलालसुद्धा कणाकणानं दिसतो.

म्हणून माझा आग्रह असा की सगळं बजेट बॉडीवर, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यावर, संपवू नका. ७५ हजार असतील तर ६० च्या आत कॅमेरा-किट बसवा आणि उरलेल्यातून सहा महिन्यांनी एक मोठ्या भोकाची फिक्स लेन्स घ्या. कॅननसाठी आरएफ ५० एफ/१.८ स्वस्तात मिळते, निकॉनसाठी झेड डीएक्स २४ एफ/१.७ आहे, सोनीसाठी सिग्मा ३० एफ/१.४ आहे. झूम नसल्यामुळे स्वतः दोन पावलं पुढं-मागं व्हावं लागतं, आणि तसं होता होताच चौकट कशी बांधायची ते कळत जातं. बॉडी चार-पाच वर्षांत बदलाल. चांगली लेन्स मात्र, तोच माउंट ठेवलात तर, पुढच्या बॉडीलाही लागते.

ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला. वाघासाठी दोन लेन्सच्या किटमधली मोठी लेन्स चालेल?

चालेल, आणि बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा बरी चालेल.

या कॅमेऱ्यांचा सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरपेक्षा, लहान असतो, त्याला एपीएस-सी म्हणतात. त्यामुळे लेन्सवरच्या मिलिमीटरच्या आकड्याला (तो जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं) निकॉन-सोनीत दीडनं आणि कॅननमध्ये १.६ नं गुणायचं. कॅननची ५५-२१० टोकाला सुमारे ३३६ मिमीसारखी दिसते, निकॉनची ५०-२५० सुमारे ३७५ सारखी. आपल्या जंगलांत वाघ कित्येकदा रस्त्यावरच चालतो, पाणवठ्यावर बसतो. वीस-पंचवीस मीटरवरचा वाघ एवढ्यात चौकट भरून येतो. लहान पक्ष्यांसाठी मात्र ही लेन्स अपुरीच आहे. त्यांच्यासाठी ४०० च्या पुढचं लागतं आणि तो खर्च आजच करायचा नाही.

अडचण पहाटेची. गेट उघडतं तेव्हा उजेड कमी असतो आणि या लेन्सची भोकं टोकाला लहान, एफ/६.३ किंवा एफ/७.१. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ६४०० पर्यंत जाऊ द्या. फोटोत थोडे दाणे दिसले तर चालतात, हललेला फोटो मात्र नंतर काही केल्या सुधारत नाही. चालत्या जनावरासाठी शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा हळू नको.

जिप्सीत ट्रायपॉड उभा राहत नाही. जुन्या जीन्सचा पाय गुडघ्याखाली कापा, एक टोक शिवा, दीड-दोन किलो तांदूळ भरा आणि दुसरं टोक शिवून टाका. ही पिशवी जिप्सीच्या दांड्यावर टाकली की लेन्स तिच्यात रुतून बसते आणि हाताची थरथर जाते. वाघ समोर आला की चालकदादांना हळूच इंजिन बंद करायला सांगा, कारण सगळी जिप्सी थरथरत असते. जंगलात कॅमेऱ्याचं वेगळं शुल्क असू शकतं. बुकिंग करतानाच ते बघून ठेवा.

फुल-फ्रेमच घ्यावा असं एक मित्र म्हणतोय.

मित्राला लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या असतील. प्रवासाला निघालेल्या नवख्यासाठी नको. बॉडी महाग, लेन्स त्याहून महाग, आणि वजन दुप्पट झालं की कॅमेरा हॉटेलच्या खोलीतच राहतो. आर५० आणि दोन्ही लेन्स मिळून पाऊण किलोच्या जरा वर जातात. एवढं ओझं खांद्यावर घेऊन चिखलदऱ्याच्या पॉइंटांवर दिवसभर हिंडता येतं.

मेगापिक्सेल किती हवेत?

२० च्या पुढे असले की झालं. भिंतीवर लावण्याएवढी मोठी प्रिंटही चांगली येते.

बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरायची सोय) नाही, हे मोठं वैगुण्य आहे का?

वर सांगितलेल्या चारही कॅमेऱ्यांत ते नाही, पण त्यांच्या किट लेन्समध्ये असतं, आणि फोटोंसाठी तेवढं पुरतं. चालता चालता व्हिडिओ काढणार असाल तर उणीव जाणवेल. तिथे छोटा गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा दांडा, घेणं जास्त शहाणपणाचं.

नागपूरच्या उन्हात, धुळीत, पावसात कॅमेरा टिकेल का?

हा प्रश्न आपल्याकडे जितका विचारला जायला हवा तितका विचारला जात नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत कॅमेरा चालवण्याचं तापमान साधारण ० ते ४० अंश दिलेलं असतं. आपला मे महिना ४५ ला टेकतो. म्हणजे कॅमेरा लगेच मरतो असं नाही, पण भर उन्हात ४के व्हिडिओ लांबवला तर तो तापून बंद पडू शकतो. सावलीत धरा, वर पांढरा पंचा टाका, चित्रणाचे तुकडे लहान ठेवा. बंद गाडीत कॅमेरा कधीही ठेवू नका. एका मे महिन्यात सेवाग्रामला बापू कुटी बघायला आम्ही उतरलो आणि माझी बॅग मागच्या सीटवर तशीच राहिली. दोन तासांनी कॅमेरा उचलला तर पकडीचा रबर गोंद सोडून बोटाखाली सरकत होता आणि लेन्सची झूमची कडी जड झाली होती. तेव्हापासून बॅग आधी खांद्यावर येते आणि मगच गाडीचं दार लागतं.

धूळ जिप्सीत सगळ्यांत जास्त. मिररलेसची लेन्स काढली की सेन्सर उघडाच पडतो, पुढे आरशाचा आडोसा नाही. म्हणून सफारीत लेन्स बदलायची नाही. मोठी लेन्स खोलीतच लावून निघा. समोरची जिप्सी धूळ उडवत असेल तेव्हा कॅमेऱ्यावर ओढणी किंवा उशीची खोळ टाका. लेन्सवर बसलेली धूळ शर्टाच्या टोकानं पुसू नका. आधी रबरी फुग्यानं हवा मारा आणि मगच मऊ कापड लावा.

आणि कूलर! आपल्याकडे उन्हाळाभर घरोघरी कूलर चालतो. त्याची हवा ओलसर असते आणि त्याच खोलीत कपाटात पडलेल्या लेन्सला आतून बुरशी धरते. मग पावसाळा येतो. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि कॅमेरा त्यात ठेवा. रंग बदलणारे दाणे मिळाले तर उत्तम, कोरडे करायची वेळ झाली की ते स्वतःच सांगतात. दर आठ-दहा दिवसांनी कॅमेरा बाहेर काढून वापरणं हा बुरशीवरचा आणखी एक चांगला उपाय.

जुलैत चिखलदऱ्याला एसी खोलीतून थेट धुक्यात गेलात तर लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा बॅगेतच अर्धा तास बाहेर ठेवा आणि मग काढा. या किमतीतले कॅमेरे पावसात भिजण्यासाठी बनवलेले नाहीत.

बॅटरी आणि कार्ड काय घ्यायचं?

एका चार्जवर साधारण तीनशे ते साडेचारशे फोटो निघतात. डीएसएलआरपेक्षा हे बरंच कमी आहे, त्यामुळे जादा बॅटरी हवीच. यूएसबीनं चार्ज होतो का, पॉवर बँक कोणती लागते, हे दुकानातच विचारून घ्या. विमानानं जाणार असाल तर जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवायच्या, चेक-इनच्या सामानात चालत नाहीत.

कार्ड व्ही३० (ही व्हिडिओच्या वेगाची खूण) लिहिलेलं घ्या, आणि एका १२८ जीबीऐवजी ६४ ची दोन. एका मारबतीच्या सकाळी मी नवं, स्वस्तात मिळालेलं कार्ड घालून गर्दीत शिरलो. काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर आल्या, "घेऊन जा गे मारबत" चा गजर उठला, मी भराभर फोटो काढले आणि स्क्रीनवर ते दिसतही होते. घरी आल्यावर पहिले काहीशे उघडले, पुढचे सगळे करडे चौकोन. कार्ड बनावट होतं. आत जागा थोडी आणि वर आकडा मोठा. तो क्षण वर्षातून एकदाच येतो. आता नवं कार्ड आणलं की घरीच कंठापर्यंत व्हिडिओ भरून, संगणकावर उघडून बघतो आणि मगच बाहेर नेतो.

बर्डीतून घेऊ की ऑनलाइन?

किंमत ऑनलाइन बघा, पण कॅमेरा हातात घेतल्याशिवाय ठरवू नका. बर्डी, सदर, धरमपेठ, कुठेही जा आणि दहा मिनिटं मागा. करंगळी पकडीखाली लोंबकळते का? अंगठा सहज चाकापर्यंत पोचतो का? लहान हाताच्या माणसाला आर५० आवडतो, मोठ्या पंजाच्या माणसाला झेड३०. हे कुठल्याही व्हिडिओत कळत नाही.

बिल जीएसटीचंच घ्या आणि त्यावर बॉडीचा सिरियल नंबर लिहून घ्या. बिलाशिवाय पाच हजार कमी सांगितले तर तो माल बाहेरून आलेला असू शकतो आणि त्याला कंपनीची भारतातली वॉरंटी मिळत नाही. घाई नसेल तर दसरा-दिवाळीपर्यंत थांबा. त्या दिवसांत बहुधा बॅग, कार्ड किंवा दुसरी लेन्स सवलतीत मिळते.

जुना कॅमेरा घेताना काय तपासायचं?

लेन्सच्या मागच्या बाजूनं मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, परत द्या. मग एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा किंवा कोऱ्या आभाळाचा फोटो काढून मोठा करून बघा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती साफ होते, पण तेवढे पैसे भावातून कमी करून घ्या. प्रत्येक बटण दाबा, कार्डाचं झाकण उघडून बघा, मूळ बिल मागा. व्यवहार दिवसाउजेडी करा.

घेतल्यावर शिकायचं कुठून?

क्लासआधी हे करा. डायल ए किंवा एव्ही वर, आयएसओ ऑटो, कमाल ६४००. आता भोक तुम्ही ठरवता, बाकी कॅमेरा बघतो. फोटो फिका आला तर अधिक-उणेचं चाक उण्याकडे, काळवंडला तर अधिककडे. साठवताना रॉ (सेन्सरची कच्ची, मूळ फाइल) आणि जेपेग दोन्ही ठेवा. आज रॉ कळलं नाही तरी दोन वर्षांनी उघडाल.

पहिली सहल लांबची नको. रामटेक पन्नासेक किलोमीटरवर आहे. भल्या पहाटे निघा, फक्त किट लेन्स न्या, आणि पायऱ्या चढताना पहिला तासभर एकही रुंद दृश्य टिपू नका. दाराची कडी, माकडाचा हात, फुलवालीच्या टोपलीतला झेंडू, पुजाऱ्यांची पाठ, असं जवळचं टिपत वर जा. माणसांना आधी विचारा. "मावशी, फोटो काढू का?" एवढंच म्हणा. काढल्यावर त्यांना स्क्रीनवर दाखवा, आणि त्यांनी नंबर दिला तर रात्री घरी आल्याबरोबर फोटो पाठवा.